हजेरी घेणारी पेटी

मंडळी, या वेळी विषय जरा वेगळा आहे. चोरघंटा! म्हणजे इकडे ज्याला बर्गलर अलार्म म्हणतात तो. मराठी आणि इतिहास शिकवण्यात जिचं आयुष्य गेलं त्या बाईने तारा-बॅटऱ्यांवर लिहावं, हे वाचून नाशिकच्या भाचरांना हसू येईल. येऊ दे!

न्यू जर्सीत लेकीच्या घरी मी दिवसभर एकटीच असते. आधीच्या मालकाने घरभर तारा फिरवून अलार्म बसवून घेतला होता. तळघरात एक पत्र्याची पेटी, दारा-खिडक्यांवर छोटे स्विच आणि खोल्यांच्या कोपऱ्यात हालचाल टिपणारे दोन डोळे. ही पेटी ३जी मोबाइल जाळ्यावरून बाहेर निरोप धाडायची. २०२२ साली इथल्या मोठ्या कंपन्यांनी ३जी बंद केलं. तेव्हापासून पेटी घरातल्या घरात बोंबलणार, बाहेर कुणाला पत्ता नाही, अशी गत झाली. भारतीयांच्या घरात सोनं असतं हे चोरांनाही ठाऊक असतं, त्यामुळे लेकीच्या जिवाला घोर.

शेवटी यंदा एका कंपनीचा माणूस येऊन पाहून गेला. त्याचं म्हणणं एकच, "सगळं जुनं झालंय, सगळं काढा, बिनतारी बसवा आणि दरमहा पैसे भरा." त्याने तपासलं काय? काहीच नाही. नुसता "ओल्ड, ओल्ड" करत फिरला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हा शब्द जरा लागतोच....

लेक इंजिनियर. ती म्हणाली, "आई, भिंतीतल्या तांब्याच्या तारेला काय होणार आहे? बदलायची ती फक्त पेटी." मग तिने मला सगळं समजावलं आणि मी ते माझ्या भाषेत समजून घेतलं.

दार बंद असलं की त्यावरच्या लोहचुंबकामुळे चौकटीतला स्विच जोडलेला राहतो आणि तारेतून बारीकसा प्रवाह वाहतो. म्हणजे प्रत्येक दार अखंड "हजर, हजर" म्हणत असतं. दार उघडलं की प्रवाह तुटतो. हजेरीला उत्तर आलं नाही की पेटी ओरडते. बस्स! विजेची चोरघंटा काही आजची नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या पोप नावाच्या एका धर्मोपदेशकाने १८५३ साली तिचं पेटंट घेतलं होतं.

पण कुणी वाटेतच दोन तारा एकमेकींना जोडल्या तर? दार उघडं आणि तरी "हजर"! शाळेत मित्राची हजेरी लावणारी मुलं असायची ना, तसंच. त्यावर उपाय म्हणून तारेच्या शेवटी एक रेझिस्टर बसवतात. पेटीला ठराविकच आवाज ऐकू यायला हवा, म्हणजे उत्तर शेवटच्या बाकावरून आलंय हे कळतं. हा आवाज कंपनीगणिक वेगळा. कुणाचा २,००० ओहम, कुणाचा ५,६००. पेटी बदलली की रेझिस्टरही तिच्या जातीचे लागतात. आमच्याकडे ते सगळे पेटीतच बसवलेले निघाले! म्हणजे शेवटच्या बाकावरच्या मुलाची हजेरी मास्तर स्वतःच लावत होते. लेकीने जमेल तिथे ते तारेच्या दुसऱ्या टोकाला नेले.

शनिवारी काम काढलं. आधी पेटीची वीज काढली, मग बॅटरी. जुन्या पेटीचे फोटो घेतले. तारा सोडवण्याआधी नातीने प्रत्येकीवर चिठ्ठी लावली, "मागचं दार", "आजीची खिडकी". मग लेक तळघरात मीटर घेऊन बसली आणि मी वर एकेक दार-खिडकी उघडून ओरडत राहिले.

अकरा तारांपैकी दहा अगदी ठणठणीत. अकरावी माझ्या खिडकीची! खिडकी सताड उघडी, आणि मीटर म्हणतो "हजर". आतला स्विच कधीतरी चिकटून बसला होता. किती दिवस, देव जाणे. मी मात्र रोज रात्री त्याच्या भरवशावर झोपत होते. तो बदलला. हालचाल टिपणाऱ्या डोळ्यांना चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन निरोपाच्या. त्यांना पेटी कोणत्या कंपनीची याच्याशी देणंघेणं नसतं, म्हणून ते राहिले. आकड्यांचा कीपॅड मात्र नव्या पेटीला चालला नाही. धूर ओळखणारे यंत्र दहा वर्षांहून जुनं होतं, ते न तपासताच काढलं. त्यांचं आयुष्य तेवढंच धरतात, तिथे माया नको. बॅटरीही नवी घातली. ती तीन ते पाच वर्षांत बदलावीच लागते.

"जुनं ते सोनं" म्हणून सगळं ठेवलं असतं, तर माझी खिडकी तशीच राहिली असती. त्या माणसाचं ऐकून सगळं काढलं असतं, तर दहा चांगल्या तारा भिंतीत मुक्या झाल्या असत्या. जुनं किंवा नवं हे काही उत्तर नव्हे. एकेकाला नाव घेऊन विचारावं लागतं.

आता दर महिन्याच्या एक तारखेला मी अकरा ठिकाणी फिरते आणि नात वहीत खुणा करते. तुमच्याकडे अशी पेटी असेल तर तुम्हीही करा. माणूस घरी असताना, दिवसाउजेडी. फार तर पंधरा मिनिटं लागतात.

या महिन्यात सगळे हजर!