खूण जुळली, इंजिन सुरू होईना
१९७८ सालची गोष्ट. बेरशेवाच्या वर्कशॉपात शुक्रवारी दुपारी ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन काही केल्या सुरू होईना. इंजेक्शन पंप आम्हीच बसवलेला. हवा काढली, इंजेक्टरपर्यंत डिझेल येत होते. धूर मात्र पांढरा. "पंप गेला, नवा लागेल," अशी चिठ्ठी मालकाला देऊन आम्ही मोकळे!

तेवढ्यात फिटरकाकांनी व्हॉल्व्हचे झाकण काढायला लावले. फ्लायव्हीलची खूण जागेवर, पण पहिल्या सिलिंडरचे रॉकर घट्ट! म्हणजे कॉम्प्रेशन नव्हे, एक्झॉस्ट संपत होता. ४ स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोनदा फिरतो तेव्हा पंप एकदा. खूण मात्र दोन्ही फेऱ्यांत जुळते. पंप उतरवला, क्रँक पूर्ण एक फेरा फिरवला, पंप पुन्हा खुणेवर बसवला. इंजिन धडधडले.

ती चिठ्ठी आम्ही मालकाकडून परत मागून घेतली.