जित्याचे पाणी

आमच्या घरी पाण्याची परीक्षा तुरीची डाळ घेते. गेल्या चैत्रात तिने आमच्या पाण्याला सपशेल नापास केले. कुकरच्या नेहमीच्या चार शिट्ट्या झाल्या, मग सहा झाल्या, तरी डाळ आपली दाण्याला दाणा राखून बसलेली! आमच्या सौभाग्यवतींनी वाण्याला दोष दिला, मी कुकरला दिला. खरा अपराधी निघाला नळ. कुठलीशी दुरुस्ती निघाल्यामुळे आमच्या उलव्याच्या सोसायटीने दोन दिवस टाकीत बोअरचे पाणी सोडले होते.

आमचे शेजारी रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी दोन बाटल्या घेतल्या. एकीत बोअरचे पाणी, दुसरीत घरात भरून ठेवलेले नेहमीचे. दोन्हींत साबणाचा सारखाच चुरा टाकून त्या खळखळ हलवल्या. नेहमीच्या पाण्यावर ताकासारखा फेस आला. बोअरच्या पाण्यावर नुसती पांढुरकी साय धरली. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणतात. शब्द ऐकून मी मराठीचा माणूस खूश झालो. पण आमच्या घरी फार पूर्वीपासून त्याला ‘जड पाणी’ म्हणतात, आणि डाळीच्या दृष्टीने तोच शब्द अधिक खरा आहे.

प्राध्यापकांनी समजावले ते असे : जमिनीत मुरलेले पाणी खडकाच्या सहवासात वर्षानुवर्षे राहते आणि त्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियम हे क्षार उचलते. उकळल्याने त्यातला काही जडपणा भांड्याच्या बुडाशी पांढऱ्या पुटाच्या रूपाने बसतो, काही तसाच राहतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत जडपणा चांगला. दुसरे पाणीच मिळत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा.

“मग आपले नेहमीचे पाणी एवढे हलके कसे?” मी विचारले.

“ते पावसाचे. हेटवण्याच्या धरणातून जित्याला येते आणि जित्याहून आपल्याकडे.”

जिते! ‘जीवन’ म्हणजे पाणी हे मी वर्गात दरवर्षी सांगत आलो. पण आपले जीवन जिते नावाच्या गावाहून येते, हे मला ठाऊक नव्हते. नावाची व्युत्पत्ती कोणी विचारू नये. पण योगायोग इतका गोड की पुढच्याच रविवारी पनवेलला रोह्याची गाडी पकडली.

रसायनी, आपटा, मग पाताळगंगा ओलांडली की जिते. स्टेशन लहान, उतरणारे मोजके. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला मुंबई-गोवा महामार्गाची वर्दळ. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाल्यापासून मुंबई या बाजूला फारच जवळ आली आहे. भाताच्या खाचरांतून प्लॉटांच्या पाट्या उगवल्या आहेत, आणि त्यांवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते : ‘२४ तास पाणी’.

सिडकोचे जलशुद्धीकरण केंद्र मी बाहेरूनच पाहिले. आत काय चालते ते प्राध्यापकांनी सांगूनच ठेवले होते. तुरटीने गाळ खाली बसवायचा, वाळूच्या थरांतून पाणी गाळायचे आणि क्लोरिनने जंतू मारायचे. मग ते वहाळच्या टाक्यांकडे आणि पुढे उलवे, द्रोणागिरी, खारघर अशा वसाहतींना जाते. मौज अशी की या साऱ्या खटाटोपाने पाणी स्वच्छ होते, हलके होत नाही. ते हलके असते ते आकाशातूनच. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. तो काळ्या कातळावरून धावत धरणात येतो, खडकाशी फार गप्पा मारायला त्याला सवडच मिळत नाही. म्हणजे आमच्या वरणाचे श्रेय यंत्राला नाही, सह्याद्रीला आहे.

एवढे पाहून परतलो असतो तर हा लेख येथेच आनंदाने संपला असता. पण पेणच्या खारेपाटात माझा एक जुना विद्यार्थी राहतो. इतके जवळ येऊन न भेटता जावे हे बरे दिसेना. हमरापूर मागे टाकून पेणला उतरलो आणि मिनिडोरने त्याच्या गावी गेलो. खारेपाट म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेली जमीन. चहूकडे पाणी, पण खारे. विहीर खणावी तर तीही मचूळ. नळ आहेत, पण उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो, आणि टँकर आला की अर्धा गाव हंडे घेऊन धावतो. हेटवण्याचे धरण त्यांच्याच तालुक्यात. त्याचे पाणी आम्हालाही मिळावे म्हणून या गावांनी मोर्चे काढले, उपोषणे केली.

विद्यार्थ्याच्या आजीने तांब्या पुढे केला. “घ्या मास्तर, पानी गोड हाय. कालच टँकर आला.”

मी प्यालो. पाणी खरेच गोड होते. आजीने विचारले, “तुमच्याकडं नलाला रोज पानी येतं?”

“येतं.”

“आमच्या धरनाचं?”

वर्गात पन्नास मुलांच्या प्रश्नांना न डगमगणारा मी, त्या एका प्रश्नापुढे क्षणभर घुटमळलो. “हो, तुमच्याच धरणाचं.”

“बेस झालं. डाल शिजत असंल चांगली.” आणि तिने तांब्या पुन्हा भरून पुढे केला.

तिच्या बोलण्यात टोचणी असती तर मला सोपे गेले असते. शहराची तहानही खरीच आहे, असे काहीतरी सांगून सुटलो असतो. पण तिला खरोखरच बरे वाटले होते. दुसरा तांब्या मी नको म्हटले. मग तिला वाईट वाटेल म्हणून अर्धा घेतला. ते अर्धे मला अजून फिटलेले नाही.

संध्याकाळच्या गाडीने परतलो. जित्याच्या आसपास अंधार पडला होता. आपल्याही पुढे कुठेतरी पाणी उलव्याकडे निघाले असेल, असे वाटून गेले. घरी आलो तेव्हा बोअर बंद होऊन नळ पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. वरण मऊसूत शिजले होते. “आता कसं जमलं!” सौभाग्यवती म्हणाल्या. त्यांना मी आजीची हकीकत सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत. उठून मोरीतला ठिबकणारा नळ तेवढा घट्ट बंद केला.

त्याने खारेपाटाचा एकही हंडा भरणार नाही, हे मलाही कळते. त्यासाठी जलवाहिन्याच हव्यात, आणि त्या मागण्याच्या वेळी आजीच्या गावाबरोबर आम्ही वसाहतवाल्यांनीही उभे राहायला हवे. ज्या तालुक्यात पाणी अडते, त्या तालुक्याचा पहिला घोट त्याला मिळाला पाहिजे. यंदा दिवाळीत अभ्यंगाला बसाल, साबणाचा भरघोस फेस अंगावर येईल, तेव्हा हे पाणी कुठल्या गावाहून आले, एवढे तरी एकदा घरात विचारून पाहा. आमच्या घरी मुलांना आता उत्तर पाठ आहे.