ओकची पेटी

आपल्याकडे थोरांच्या सत्काराच्या वेळीं चांदीच्या करंडकांतून मानपत्र देण्याची चाल होती. अशा समारंभांत मुलांची नजर बहुधा करंडकावरच खिळलेली मीं पाहिली आहे. आंत काय लिहिलें आहे हें विचारणारा विरळा. विद्यार्थिमित्रहो, आज मीही तुम्हांला पेटीचीच गोष्ट सांगणार आहें.

अठराव्या शतकांत इंग्लंडमधील शहरें पराक्रमी आरमारी सरदारांना आपलें नागरिकत्व बहाल करीत, व त्याची सनद एका लहानशा पेटींत घालून देत. मोठ्या विजयानंतर ही पेटी सोन्याची असे. सेंट व्हिन्सेंट भूशिराच्या लढाईबद्दल १७९७ सालीं नेल्सनला लंडन शहराकडून तशीच मिळाली. परंतु १७७९ सालीं त्याच शहरानें अ‍ॅडमिरल केपेल याला दिलेली पेटी ओकच्या लाकडाची होती; सोनें तिच्यावर केवळ शोभेपुरतें.

आणि केपेलनें तर लढाई जिंकलीही नव्हती! २७ जुलै १७७८ रोजीं उशांट बेटानजीक फ्रेंच आरमाराशीं झालेला सामना अनिर्णित राहिला. पुढें त्याच्याच हाताखालील सर ह्यू पॅलिसर यानें त्याच्यावर कर्तव्यांत कसूर केल्याचे आरोप ठेवले. हें प्रकरण साधें नव्हतें. अशाच प्रकारच्या दोषाबद्दल १७५७ सालीं अ‍ॅडमिरल बिंग याला गोळ्या घालून ठार केलें होतें. बिंगचा न्याय करणाऱ्यांत केपेल स्वतः होता, आणि शिक्षेनंतर त्याचा जीव वाचावा म्हणून त्यानें खटपटही केली होती. आतां तोच पोर्टस्मथ येथें आरोपी म्हणून उभा राहिला.

फेब्रुवारी १७७९ मध्यें तो निर्दोष सुटला. आरोप द्वेषमूलक व निराधार आहेत, असें न्यायालयानें म्हटलें. लंडनमध्यें दीपोत्सव झाला. ओकची पेटी आली ती त्यानंतर. ज्या लाकडाच्या जहाजांवर तो लहानपणापासून वावरला, त्याच लाकडाची ही पेटी मला सोन्याहून शोभिवंत वाटते. मात्र तिच्यांत निव्वळ आदरच होता असें नाहीं. केपेल सरकारच्या विरुद्ध पक्षाचा. लंडन शहराचेंही मंत्रिमंडळाशीं पटत नव्हतें. तेव्हां या सन्मानांत मंत्र्यांना लगावलेली चपराकही होती.

दीपोत्सवाच्या त्या धामधुमींत जमाव पॅलिसरच्या घरावर चालून गेला होता. पुढें त्याच वर्षीं पॅलिसरचीही चौकशी झाली व तोही सुटला. परंतु तोंवर त्याच्या खिडक्या केव्हांच फुटल्या होत्या.