चार ते पंधरा

(तृतीय वर्ष कला)

आमच्या जिमखान्याच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्याचे डावे दार लाथ मारल्याशिवाय उघडत नाही आणि उजवे सुतळीने बांधलेले असते. त्या कपाटात, कबड्डीच्या गुडघापट्ट्या आणि हवा गेलेले व्हॉलीबॉल यांच्या मधोमध, एका पोत्यात मुलींच्या बास्केटबॉल संघाचा गणवेश राहतो. मरून रंगाच्या बारा बिनबाह्यांच्या जर्सी आणि तितक्याच हाफ पँट. मूळच्या त्या मुलांच्या. मुलांना नवा संच आला तेव्हा जुना आमच्याकडे आला. थोरल्या भावाचा सदरा धाकट्या बहिणीला येतो तसा. बगला एवढ्या मोठ्या की हात वर करण्याची सोय नाही, आणि हा खेळ तर सगळा हात वर करण्याचाच! आत टी-शर्ट घालावा तर नियम आडवा येतो. शेवटी प्रत्येकीच्या घरी सुईदोरा निघाला. माझी जर्सी आईने आत घेतली आणि घेता घेता मापही काढले, "किती वाळलीस गं!"

जर्सीवरचे आकडे चारपासून पंधरापर्यंत. पहिल्या वर्षी मला वाटले, एक, दोन, तीन हरवले असतील. सरांनी समजावले. पंच आपल्या बोटांनी टेबलाकडे खुणा करतो. एक बोट म्हणजे एक गुण, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. खेळाडूंचे क्रमांकही तेच असले तर घोटाळा, म्हणून आंतरराष्ट्रीय सामन्यांत वर्षानुवर्षे चार ते पंधरा हीच वहिवाट होती. 2014 मध्ये नियम सैल झाला. आता शून्यापासून नव्याण्णवपर्यंत काहीही चालते. पण आमचे पोते 2014 च्या आधीचे आहे, त्यामुळे आम्ही चार ते पंधराच. मैदानावर कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. "नऊ, मागे बघ!" "सात, पास दे!" मी सात.

हा खेळ जेम्स नाइस्मिथ यांनी 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला काढला हे आपण सामान्यज्ञानात घोकतो. पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो जवळच्याच स्मिथ महाविद्यालयातल्या मुलींना शिकवला, हे मात्र कुणी विचारत नाही. 1893 मध्ये तिथे मुलींचा पहिला सामना झाला तेव्हा पुरुषांना आत येण्यास बंदी होती. मुली गुडघ्याखाली घट्ट बांधलेले घोळदार पायजमे घालून खेळणार, आणि ते पुरुषांनी पाहायचे नव्हते. म्हणजे चेंडूइतकेच कपड्याचे भांडणही जुने आहे. आपल्याकडचेच पाहा ना. 2014 मध्ये चीनमधल्या वुहानला अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग या आपल्या खेळाडूंना पगडी उतरवून खेळावे लागले होते. डोक्यावरच्या वस्त्राची बंदी उठायला 2017 साल उजाडले.

देवळाली कॅम्पात गणवेशाचे अप्रूप कुणाला नाही. तोफखान्याच्या स्कूलचे गाव हे. फायरिंग असले की वर्गातल्या काचा थरथरतात आणि शिकवणारे सर वाक्य अर्धवट ठेवून थांबतात. इथे खांद्यावरची फीत कोणत्या हुद्द्याची हे पोरांना पाढ्यांच्या आधी कळते. आमचे उसवलेले आकडे शिवायला मी बाजारातल्या शिंपीकाकांकडे गेले, तर ते एरवी जवानांच्या फिती लावणारे. चष्म्यावरून बघत म्हणाले, "ताई, तेरावरून नऊवर आणू? म्हणजे डिमोशनच की!" आकड्याची पट्टी दोन सेंटिमीटरपेक्षा बारीक चालत नाही, हे त्यांना मीच सांगितले. त्यांनी ते एखाद्या सुभेदाराचा हुकूम ऐकावा तसे ऐकले.

आता बारा नंबरविषयी. ही मुलगी संघात आली आणि आम्हाला प्रथमच सामने जिंकता येतील असे वाटू लागले. पण तिचे वडील तोफखान्यातून निवृत्त झालेले हवालदार. सरावाला सलवार-कमीज घालून ये, हरकत नाही; चारचौघांत हाफ पँट नाही म्हणजे नाही. आंतरमहाविद्यालयीन सामना आठ दिवसांवर आला. सर घरी जाऊन आले, चहा पिऊन परतले. बारा नंबर दोन दिवस सरावाला आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, बाकावर बसली आणि आमचे चेंडू आणून देऊ लागली. ते पाहवेना.

मग सरांनी नियमांचे पुस्तक काढले. पँटीच्या आत पूर्ण पायांची घट्ट विजार चालते, मात्र ज्या घालतील त्या सगळ्यांचा रंग एक हवा. एकटीने घातली असती तरी नियमात बसले असते. पण मग गॅलरीतल्या प्रत्येकाने विचारले असते, हिनेच का? म्हणून बारा जणींनी काळ्या विजारी घेतल्या. हे काही एकमताने झाले असे मी लिहिणार नाही. चार नंबर म्हणाली, "तिच्या बाबांसाठी मी का उकडून घ्यायचं?" तिचे म्हणणे खोटे नव्हते. मला स्वतःलाही हाफ पँटमध्ये मोकळे वाटते. वाद झाला, एकजण रडलीसुद्धा. शेवटी चारनेही घेतली, पण आठवडाभर बोलली नाही.

सामन्याच्या सकाळी बारा नंबरचे बाबा तिला सोडायला गेटपर्यंत आले. विजार त्यांनी मान्य केली होती, खूश मात्र नव्हते. आमच्याकडे, म्हणजे पोत्यातून निघालेल्या अकरा चुरगळलेल्या जर्सींकडे, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा युनिफॉर्म आहे? इस्त्री नाही?" तेव्हा आमचे लक्ष तिच्या जर्सीकडे गेले. पाठीवरच्या एक आणि दोनच्या दोन्ही बाजूंना सुरीसारख्या घड्या होत्या. ती हळूच म्हणाली, "रात्री बाबांनीच केली."

सामना आम्ही नऊ गुणांनी हरलो. बारा नंबरने चौदा गुण केले. काका शेवटपर्यंत कुंपणाबाहेर उभे होते, आत काही आले नाहीत. चार नंबरला खरोखरच फार उकडले.

वर्षअखेरीस संच परत करायची पाळी माझ्यावर आली. जिमखान्याच्या काकांनी वही पुढे केली, मी "जर्सी 12, पँट 12" असे लिहून सही केली. त्यांनी पोते मोजले नाही. मोजले असते तर जर्सी अकरा भरल्या असत्या. सर, हे वाचल्यावर आपण मला बोलावणार हे ठाऊक आहे. भरपाई मी करीन. पण ती जर्सी कुठे आहे ते विचारू नका. पदके आणि ऑलिव्ह हिरव्या गणवेशाशेजारी, घडी न मोडता, एका काळ्या ट्रंकेत आहे, एवढेच सांगते.