आखाडा बाळापूर आणि एका राज्याचा अस्त

नांदेडाहून हिंगोलीस जातांना वारंगा फाटा मागें पडला कीं पुढें आखाडा बाळापूर लागतें. तालुका कळमनुरी. भोंवतीं काळी जमीन. कापूस, सोयाबीन व हळद. यात्रेकरू येथें उतरत नाहींत. ते औंढ्यास नागनाथाच्या दर्शनास किंवा नामदेवरायांच्या नर्सीस जातात. आम्ही मात्र १७ सप्टेंबरच्या सकाळीं मुद्दाम उतरलों. त्या दिवशीं मराठवाड्यांत सर्वत्र ध्वजवंदन होतें. पटांगणांतल्या मुलांस त्याचें कारण विचारावें, ही आमची जुनी मास्तरी खोड. उत्तर मिळालें, "निजाम गेला." उत्तर बरोबर, पण तो गेला कां?

१७२४ सालीं स्थापन झालेलें हें राज्य सुमारें सव्वादोनशें वर्षें टिकलें. महायुद्धांतील मदतीबद्दल १९१८ च्या प्रारंभीं इंग्रजांनीं सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांस इतर संस्थानिकांहून वरचा किताब दिला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरांत जर्मनीचे कैसर सिंहासन सोडून हॉलंडांत गेले व बर्लिनांत प्रजासत्ताकाची घोषणा झाली. कैसरांचें राज्य रणांतील पराभवानें व प्रजेच्या अन्नान्नदशेनें बुडालें. निजामांवर तसा प्रसंग नव्हता. खजिना तर भरलेला होता.

राज्याच्या सोळा जिल्ह्यांपैकीं पांच मराठी, बाकीचे तेलुगू व कानडी. कारभार मात्र उर्दूंत. उस्मानिया विद्यापीठाचें शिक्षणही उर्दूंतून. देशी भाषेंतून उच्च शिक्षण ही त्या काळीं अपूर्व गोष्ट होती व तिचें श्रेय आम्ही देतोंच. परंतु ती भाषा बहुसंख्य प्रजेच्या घरांतली नव्हती. कुणब्यास आपल्याच जमिनीचा कागद वाचावयास दुसऱ्याचें तोंड पाहावें लागे. त्यांत भर म्हणून मोठा मुलूख जहागिरदारांकडे, आणि सुमारें दहावा हिस्सा सर्फेखास, म्हणजे निजामांच्या खाजगी मालकीचा. तेथें दाद कोणापाशीं मागावी? सभा भरवावी तर सरकारी परवानगी हवी.

अशा मुलखांत मराठी शाळा हेंच लोकांचें बैठकीचें ठिकाण झालें. स्वामी रामानंद तीर्थ मूळचे मुख्याध्यापक. प्रथम हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंत, मग अंबाजोगाईस. १९३८ सालीं त्यांनीं शाळा सोडून स्टेट काँग्रेसच्या कार्यास वाहून घेतलें. त्याच वर्षीं 'वंदे मातरम्' म्हटल्यावरून उस्मानियाचे विद्यार्थी काढले गेले, व त्यांतील पुष्कळांनीं नागपुरास जाऊन शिक्षण पुरें केलें. राज्य खिळखिळें झालें तें या वर्षापासून, असें आमचें मत. धंद्याचा अभिमान म्हणा हवें तर.

तालुक्याच्या उत्तरेस पैनगंगा आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं पलीकडचें वऱ्हाड स्वतंत्र झालें, अलीकडचा कांठ झाला नाहीं. (गंमत अशी कीं वऱ्हाडही नांवाला निजामांचेंच, आणि त्यांच्या युवराजास १९३६ पासून 'बिरारचे युवराज' म्हणत.) पलीकडे उमरखेडास सत्याग्रहींचा तळ पडला, अलीकडे लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या रझाकारांची दहशत वाढली. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य आंत शिरलें आणि पांचव्या दिवशीं निजामांनीं शस्त्रें खालीं ठेवलीं. राजासाठीं लढावयास रयत उठली नाहीं.

ध्वजवंदनाच्या भाषणांत जें सहसा येत नाहीं, तेंही सांगितलें पाहिजे. त्यानंतरच्या आठवड्यांत निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार केला. सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत शेजारचें नांदेड होतें. रझाकारांचे अपराध त्या बायकामुलांच्या माथीं मारणें हा न्याय नव्हे.

निजामांस मात्र कैसरांसारखें परदेशीं जावें लागलें नाहीं. १९५० पासून १९५६ पर्यंत तेच राज्याचे राजप्रमुख होते. १९६७ सालीं हैदराबादेसच वारले. बाळापूर परभणी जिल्ह्यांतून १९९९ सालीं नव्या हिंगोली जिल्ह्यांत आलें. आणि २०२३ सालीं सरकारनें कुणबी नोंदी शोधण्यासाठीं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमल्यापासून निजामी दप्तरें पुन्हां उघडलीं आहेत. ज्यांच्या पणजोबांस तो कागद वाचतां येत नव्हता, त्यांचीं पणतवंडें आज मोडी व उर्दू जाणणाऱ्याच्या शोधांत फिरतात.