टेबल नसलेल्या घरासाठी

संकेतस्थळांचा मजकूर लिहिणं हा माझा व्यवसाय. डहाणू-घोलवडच्या चिकूवाड्यांसाठी लिहिते, तेव्हा वाचक डोळ्यांसमोर असतो: मुंबईचं कुटुंब, शनिवार-रविवारची सुट्टी, मुलांना झाडावरचा चिकू दाखवायची हौस. वाडीवाल्यांना २०१६च्या भौगोलिक मानांकनाचा मान अगदी वर हवा असतो. मी तो खाली नेते. येणाऱ्याला आधी कळायला हवं की बोरिवलीहून गाडी किती वाजता आणि स्टेशनवरून वाडीपर्यंत रिक्षा मिळेल का.

नोव्हेंबर २०१८पासून डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडीच्या परिसरात जमीन हादरू लागली, आणि मला मात्र वाचकच दिसेना. एका संस्थेला भूकंपाबद्दल मोबाइलवर वाचता येईल असं पान हवं होतं. मी लिहिलं, ‘नागरिकांनी घाबरून न जाता आवश्यक ती दक्षता घ्यावी. धक्का जाणवताच मजबूत टेबलाखाली आश्रय घ्यावा.’ माहितीपत्रकांत असंच असतं.

तलासरीजवळच्या एका पाड्यावर कॉलेजात जाणारी मुलगी ते माझ्यासमोर आपल्या आजीला वाचून दाखवत होती. ‘दक्षता’पाशी ती थबकली आणि वाक्य आपल्या वारली बोलीत सांगू लागली. ‘टेबला’पाशी दोघींनी घरभर नजर फिरवली. कुडाच्या भिंती, चूल, कोपऱ्यात कणगी, माळ्यावर भाताच्या गोण्या. टेबल कुठे होतं? शेवटी आजीने विचारलं, रात्री झोपायचं कुठे, आत की बाहेर? माझ्या अख्ख्या पानात त्याचं उत्तर नव्हतं.

घरी येऊन मी गोदावरी परुळेकरांचं, वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्धच्या लढ्यावरचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ पुन्हा काढलं. २३ मे १९४५ला झरीच्या सभेत हजारो वारली जमले होते. त्यांना जे सांगितलं गेलं, ते प्रत्येकाला तोंडपाठ करून आपल्या पाड्यावर नेता येण्यासारखं होतं: वेठ करायची नाही. रोख बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खाजगी शेतावर जायचं नाही. मारायला आला तर सहन करायचं नाही. सगळ्यांनी एक राहायचं. सकाळी जमीनदाराचा माणूस दारात आला की काय करायचं, हे त्यात होतं. मी हे व्यवसायाच्या नजरेने वाचते आणि दर वेळी हेवा वाटतो.

मग मी पानाचे दोन भाग केले, ‘कुडाचं घर’ आणि ‘विटांचं घर’. दोन्हींत मरणाचं कारण वेगळं असतं, तर सूचना एक कशी असेल? कारवीचा कूड हलका, तिथे भीती कौलांची आणि माळ्यावरच्या ओझ्याची. विटांच्या घरात भिंतीचीच. १ फेब्रुवारी २०१९ला चारहून अधिक तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा घराबाहेर धावताना एका चिमुकलीचा जीव गेला. म्हणून ‘बाहेर पळा’ एवढंच लिहिणं मला गुन्हा वाटला. लिहिलं: दाराजवळ असाल तर लेकराला उचलून अंगणात या. आत असाल तर खाली बसा, डोकं हातांनी झाका, हादरा थांबला की निघा. रात्री अंथरूण दाराजवळ, भिंतीपासून लांब; भिंतीला तडा असेल तर बाहेर तंबूत. ‘घाबरून न जाता’ खोडलं. जमीन हलते तेव्हा माणूस घाबरतोच. त्याला भिऊ नकोस म्हणणारा त्याच्या घरात कधी झोपलेला नसतो.

एक गोष्ट त्याच लढ्यातल्या तळवाड्याच्या प्रसंगामुळे सुचली. ऑक्टोबर १९४५मध्ये गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे असा खोटा निरोप पाड्यापाड्यांत पसरवला गेला. तिथे हजारो माणसं धावून आली, गोळीबार झाला, पाच जणांचे जीव गेले. विश्वासाच्या नावाने खोटा निरोप किती लांब पोचतो! भूकंपाच्या दिवसांतही मोबाइलवर ‘आज रात्री मोठा धक्का येणार’ असे निरोप फिरत. म्हणून पानावर सगळ्यांत वर आम्ही लिहिलं: भूकंप कधी येणार हे आधी कुणालाच सांगता येत नाही. खाली तारीख, आणि हे कोण सांगतंय त्याचं नाव.

नवा मजकूर त्याच मुलीने आपल्या बोलीत वाचला. तिचा आवाजच आम्ही पानावर ठेवला. ती वाचत असताना आजीने मध्ये काही विचारलं नाही. वाचून झाल्यावर उठली, नातवाला हाक मारली आणि माळ्यावरच्या गोण्या खाली घ्यायला लावल्या.