बदकाच्या नाकातलं मीठ

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मराठीत पानभर लिहायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचकांनी सांभाळून घ्याव्यात, ही विनंती.

सेमिनारसाठी माझा विषय होता, खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी. सर म्हणाले, "मेसमधला आरओ सगळ्यांनी पाहिलाय. एखादा जिवंत आरओ शोध." शोधता शोधता सापडला, तो समुद्रपक्ष्यांच्या डोक्यात!

क्नूट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञाने १९५७ च्या सुमारास पाणकावळ्यांवर प्रयोग करून हे दाखवलं. या पक्ष्यांच्या डोळ्यांवर मिठाची ग्रंथी असते. समुद्राचं पाणी साधारण साडेतीन टक्के खारं. कुरव पक्ष्याच्या नाकातून ठिबकणारं पाणी त्याहूनही खारं, जवळपास पाच टक्के. म्हणून तो समुद्राचं पाणी पिऊन जगतो.

सुट्टीत साकोलीकडे मामाच्या गावी गेलो होतो. बोडीच्या पाळीवर बसून हे सांगितलं तर मामा म्हणाला, "काहून रे, आपल्या बदकालेही हाय का हे?" आहे, पण लहानशी. बोडीचं पाणी गोडं, काम काय तिला? त्याच पाळीव बदकाला आठवडाभर एक टक्का मिठाचं पाणी पाजलं की ग्रंथी वाढते. म्हणूनच प्रयोगशाळेत बदकच घेतात. त्यासाठी बदकाचा जीव जातो. हे ऐकून मामा गप्प झाला, आणि मीही.

ग्रंथी काढून तिचे बारीक तुकडे करतात. कोलॅजिनेज नावाचं एन्झाइम पेशींना बांधून ठेवणारे धागे तोडतं. कॅल्शियम काढून घेतलं की पेशींची एकमेकींवरची पकड सुटते. मग नायलॉनच्या जाळीतून गाळायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये हळू फिरवून धुवायचं. शेवटी ट्रिपॅन ब्लू टाकायचं. मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी रंग आत घेत नाही.

या सुट्या पेशी खरोखर काम करतात. मज्जातंतूचा निरोप देणारं अॅसिटिलकोलीन टाकलं की त्या जास्त ऑक्सिजन घेतात. सोडियमचा पंप बंद पाडणारं औषध टाकलं की ऑक्सिजनचा खप उतरतो. हा पंप येन्स स्कू यांनी १९५७ मध्येच शोधला आणि १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. दर फेरीला तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत.

सगळं ठीक. फक्त खारं पाणी तयार होत नाही! कारण पेशी शेजारीशेजारी असतात तेव्हा एक बाजू रक्ताकडे, दुसरी नळीकडे असते. क्लोराइड पेशीतून नळीत जातं आणि सोडियम जातं ते दोन पेशींमधल्या फटीतून. पेशी सुटी झाली की कुठली बाजू कुठली, ते उरत नाही. आणि शेजारीणच नाही, तर फट कुठली?

इथे मला माझा पहिल्या वर्षाचा रूममेट आठवला. वर्गात हजर, मेसमध्ये हजर, सबमिशन वेळेवर. कुणीही तपासलं असतं तर तो ठणठणीतच निघाला असता. दिवाळीआधी एके सकाळी बॅग भरून तो निघून गेला, तो परत आलाच नाही. त्याच्या घरी काय चाललंय हे आमच्या विंगमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही. आमच्या दोन कॉटमध्ये तीन फुटांचं अंतर होतं आणि तीन महिन्यांत मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं, "काय रे, बरा आहेस ना?"

सेमिनारला मार्क बरे मिळाले. पण तेव्हापासून मेसहून येताना मी शेजारच्या खोलीचं दार वाजवतो. काम काहीच नसतं. "जेवलास का?" एवढंच विचारतो.